ॲना मे वाँग यांना ‘द गुड अर्थ’मधील ओ-लान का मिळाली नाही?

प्रश्न:
मूकपटांविषयी वाचताना ॲना मे वाँग यांची ओळख झाली. १९०५ साली लॉस एंजेलिसमध्ये एका चिनी धोब्याच्या घरी त्या जन्मल्या, सतराव्या वर्षी ‘द टोल ऑफ द सी’ या सुरुवातीच्या रंगीत चित्रपटाच्या नायिका झाल्या आणि १९३२च्या ‘शांघाय एक्सप्रेस’मध्ये मार्लीन डीट्रिचसमोर ताकदीने उभ्या राहिल्या. मग १९३७ साली, पर्ल बक यांच्या चिनी शेतकऱ्यांवरील ‘द गुड अर्थ’ या कादंबरीचा चित्रपट निघाला, तेव्हा ओ-लान ही नायिकेची भूमिका लुईझ रायनर या गोऱ्या अभिनेत्रीकडे कशी गेली? केवळ वर्णद्वेष म्हणून हा विषय सोडून द्यावा, की त्यामागे आणखी काही होते?

प्रतिसाद १:
वर्णद्वेष होताच, पण तो काम कसा करत होता हे पाहण्यासारखे आहे. नायक वांग लुंग याच्या भूमिकेसाठी पॉल म्युनी हे गोरे नट ठरले आणि तिथेच प्रश्न निकालात निघाला. त्या काळच्या चित्रपट आचारसंहितेने भिन्नवंशीय प्रणयाला मनाई केली होती. कथेतील नवराबायको दोघेही चिनी असले, तरी पडद्यावर दिसणार होते एक गोरा पुरुष आणि एक चिनी स्त्री. त्यामुळे रंगभूषेने चिनी केलेल्या नवऱ्याला बायकोही तशीच रंगवलेली हवी, असा हा अजब हिशेब होता. रायनर यांना याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसादात एक दुरुस्ती सुचवतो. संहितेच्या मजकुरात मनाई होती ती गोऱ्या आणि काळ्या वंशांतील संबंधांना. चिनी लोकांचा त्यात उल्लेख नव्हता. स्टुडिओंनी तिचा अर्थ स्वतःहून ताणला. अर्थात कॅलिफोर्नियात गोऱ्यांचे आशियाई व्यक्तींशी लग्न १९४८पर्यंत बेकायदा असल्यामुळे त्यांना तसे करणे सोपे गेले.

वाँग यांच्या नावाचा विचार झाला तो लोटस या दुसऱ्या बायकोच्या भूमिकेसाठी. कथेतील सहानुभूती न लाभणारी तेवढीच स्त्री आपल्या वाट्याला यावी, हे त्यांना पटणारे नव्हते. शेवटी ती भूमिकाही ऑस्ट्रियन नर्तिका टिली लॉश यांनी केली. वाँग १९३६ साली चीनला निघून गेल्या, वडिलांचे मूळ गाव पाहिले आणि तो प्रवास चित्रफितीवर टिपून ठेवला.

प्रतिसाद ३:
त्यांना केवळ बळी समजू नये, एवढीच विनंती. अशाच भूमिकांना कंटाळून त्या १९२८ साली युरोपात गेल्या आणि बर्लिन-लंडनमध्ये त्यांनी नाव कमावले. १९२९चा ‘पिकॅडिली’ अवश्य पाहावा. लंडनच्या नाइट क्लबात भांडी घासणारी मुलगी टेबलावर चढून नाचते, त्या प्रसंगात इतर कोणाकडे लक्षच जात नाही. दुर्दैवाने या चित्रपटातही शेवटी त्यांचा खून होतोच. ‘शांघाय एक्सप्रेस’मध्ये मात्र मारणाऱ्या त्या असतात आणि जिवंतही राहतात. ज्याला त्या मारतात, तो चिनी रक्ताचा सेनानी साकारला होता स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंड यांनी!

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. १९५१ची त्यांची दूरचित्रवाणी मालिका कुठे पाहता येईल का?

प्रतिसाद २:
नाही. ‘द गॅलरी ऑफ मादाम लिऊ-त्सोंग’चा एकही भाग उपलब्ध नाही. शीर्षकातील लिऊ-त्सोंग हे मात्र त्यांचे स्वतःचे चिनी नाव होते.