मदत हवी आहे: ट्रान्सवेलमध्ये (पेशींचे स्थलांतर मोजायची दोन कप्प्यांची चाचणी) स्टेम सेल एसडीएफ-१कडे (पेशींना ओढणारे प्रथिन) सरकत नाहीत

पेट्रीडिश:
अस्थिमज्जेतल्या मेझेन्कायमल स्टेम पेशी, सहावे पॅसेज (म्हणजे सहाव्यांदा नव्या भांड्यात वाढवलेल्या). ट्रिप्सिनने सोडवून लगेच ८ मायक्रॉन छिद्रांच्या इन्सर्टमध्ये (सच्छिद्र तळाची वरची वाटी) ५०,००० टाकल्या. खाली १०० नॅनोग्रॅम/मिली एसडीएफ-१, दोन्हीकडे १०% सीरम, २४ तास. कंट्रोल (एसडीएफ-१शिवाय) आणि एसडीएफ-१, दोन्हींत खाली उतरलेल्या पेशी सारख्याच. एसडीएफ-१ खराब झाले असेल का?

काचपट्टी:
एसडीएफ-१ला दोष देण्याआधी पेशींकडे बघा. जखमी ऊती एसडीएफ-१ सोडतात, पण ते ओळखायला पेशीच्या पृष्ठभागावर सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर लागतो. कल्चरमध्ये पॅसेज वाढतात तसा तो कमी होतो. बराचसा पेशीच्या आतच राहतो. त्यात भर म्हणजे ट्रिप्सिन हे एन्झाइम पृष्ठभागावरची प्रथिने कापते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या पॅसेजच्या पेशी घ्या, पीबीएसमधल्या (क्षारांचे बफर द्रावण) २ मिलिमोलर ईडीटीएने (कॅल्शियम बांधून पेशी सुट्या करणारे रसायन) सोडवा आणि सीएक्ससीआर४साठी फ्लो सायटोमेट्री (रंगवलेल्या पेशी एकेक मोजणे) दोनदा करा: एकदा अखंड पेशींवर, एकदा पर्मिअबिलाइझ करून (पेशीच्या पटलाला छिद्रे पाडून). दुसऱ्यातच सिग्नल आला तर रिसेप्टर आत अडकलेला आहे. अशा वेळी २४ तास १–३% ऑक्सिजनमध्ये ठेवून पाहा; कमी ऑक्सिजनमध्ये सक्रिय होणाऱ्या एचआयएफ-१ अल्फा या प्रथिनामुळे सीएक्ससीआर४ वाढतो.

आणि सीरम काढाच. त्यात डीपीपी४ एन्झाइम असते, ते एसडीएफ-१च्या टोकाची दोन अमिनो आम्ले कापते आणि रेणू निकामी होतो. शिवाय सीरम स्वतःच पेशींना ओढते. दोन्ही बाजूंना ०.५% बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) पुरे.

मध्यमा:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक भर: या पेशी स्वतःही एसडीएफ-१ तयार करतात, त्यामुळे २४ तासांत वर-खाली फरकच उरत नाही. २०,००० पेशी घ्या आणि १२ ते १६ तासांत थांबवा. डोस एकच नको. ०, १०, ५०, १००, ३०० नॅनोग्रॅम/मिली असे करा, आलेख घंटेसारखा असतो, जास्त डोसला परिणाम उतरतो. एका खान्यात एसडीएफ-१ वर-खाली सारखेच ठेवा. तिथेही पेशी तितक्याच उतरल्या तर ती नुसती वाढलेली हालचाल, दिशा नव्हे. रंग देण्याआधी इन्सर्टची वरची बाजू कापसाच्या बोळ्याने पुसायला विसरू नका, आणि इन्सर्ट तिरका सोडा, खाली बुडबुडा अडकला की तेवढा भाग कोरडाच राहतो.

पुढे उंदरात शिरेतून देणार असाल तर हेही लक्षात घ्या: कल्चरमधल्या या पेशी मोठ्या असतात, बहुतेक फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतच अडकतात. ट्रान्सवेलमध्ये धावल्या म्हणजे जखमेपर्यंत पोचतील असे नाही.

पेट्रीडिश:
समजले, चौथ्या पॅसेजवर पुन्हा लावते. प्लेरिक्साफॉरचा (सीएक्ससीआर४ अडवणारे औषध) कंट्रोल ठेवायचा तर ते कुठल्या बाजूला?

काचपट्टी:
वर, पेशींबरोबर. ५ मायक्रोग्रॅम/मिली, इन्सर्टमध्ये टाकण्याआधी ३० मिनिटे, आणि धुऊन काढू नका.