एकाच काउंटीत मक्याची मदत वेगवेगळी का?
अमेरिकेत दोन शेतकऱ्यांचा मका प्रत्येकी 100 एकर, काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) एकच, तरी कोविडची सरकारी मदत कमीजास्त कशी, असा प्रश्न आहे. अमेरिकेच्या 2020 च्या सीफॅप-2 या शेतकऱ्यांसाठीच्या कोविड मदत योजनेत मक्याचा हिशोब असा होता: एकर × एकरी उतारा × 0.40 (विक्रीचा धरलेला हिस्सा) × 0.58 डॉलर (दर बुशेलमागे; बुशेल हे धान्याचं माप). फरक पडतो तो उताऱ्यात. पीकविमा असेल तर शेतकऱ्याची स्वतःची नोंदलेली सरासरी धरली. ती 180 बुशेल असल्यास 4,176 डॉलर. विमा नसेल तर सरकारने काउंटीसाठी धरलेल्या आधारभूत उताऱ्याच्या फक्त 85 टक्के. तो आकडाही 180 धरला तर उरतात 153, म्हणजे सुमारे 3,550 डॉलर. विमा न परवडणाऱ्याच्याच मदतीला कात्री लागली, हे मला अजिबात पटत नाही. जमीन कशी कसली तेही तपासा: रोख खंडावर असेल तर पैसे कसणाऱ्याला मिळाले, बटाईने असेल तर मालकालाही हिस्सा मिळाला.