१.१० चं १.१ झालं! सायटेशन फाइलीत काय चुकलं?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. वडिलांच्या केळीसाठी ‘केळीकाटा’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिलाय. घडांचं वजन टाका, दांड्याची वजावट टाका, पावती तयार. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, खुला आहे. कृषीच्या एका पोरानं तो प्रकल्पात वापरला, ‘साइट धिस रिपॉझिटरी’ बटण दाबून संदर्भही दिला. पण संदर्भात आवृत्ती आली १.१. नेमकी तीच, जी दांडा दोनदा कापायची! त्यानं वापरली होती दुरुस्त केलेली १.१०. आता परीक्षक माझ्याकडे बघून हसणार. ते बटण ज्या फाइलीतून संदर्भ काढतं, त्या सायटेशन डॉट सीएफएफमध्ये मी १.१० च लिहिलंय, देवाशपथ.

धुळेकर_भो:
अवतरणचिन्हं टाकली का भो? ती फाइल वायएमएल असते, म्हणजे मशीननं वाचायची माहिती साध्या ओळींत लिहायची पद्धत. उघडं १.१० दिसलं की ते दशांश संख्या समजतं, आणि शेवटच्या शून्याला संख्येत काय किंमत? तपासणीतही चूक निघत नाही, कारण आवृत्तीच्या जागी संख्या चालते. १.९ पर्यंत सगळं गोड, दहावर आलं की पाय घसरतो. कोडमेटा डॉट जेसॉन ही सॉफ्टवेअरच्या माहितीची दुसरी फाइल असेल तर तिच्यातही अवतरणात लिहा, तिथं हीच गत.

नंदुरबारची_ताई:
बघितली तुमची फाइल. लायसन्सच्या जागी ‘जीपीएल तीन’ (खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना) असं मोघम लिहिलंय. एसपीडीएक्सच्या, म्हणजे परवान्यांच्या ठरलेल्या नावांच्या, यादीतलं नेमकं नाव टाका: ‘जीपीएल-३.०-ओन्ली’ की ‘जीपीएल-३.०-ऑर-लेटर’ (फक्त तिसरी आवृत्ती की पुढच्याही), ते ठरवून. मशीनला ‘समजून घ्या’ म्हणता येत नाही. आणि आवृत्ती तीन फाइलींत हातानं लिहू नका. एकीत ठेवा, बाकीच्या स्क्रिप्टनं काढा. हात तिसरी फाइल विसरतोच, माझा विसरलाय. पडद्यावर अहिराणी आहे ना? मग पब्लिककोड डॉट वायएमएलही करा, सॉफ्टवेअरची ओळख लिहायचा नमुना आहे तो. निघालाय तो इटलीच्या सरकारी सॉफ्टवेअरसाठी, पण त्यात भाषांची यादी देता येते. भाषेचे कोड: मराठी एमआर, अहिराणी एएचआर.

केळीवाला_रावेर:
अवतरणं टाकली, बटण आता १.१० दाखवतंय! पोराला फोन केला, छपाई व्हायची होती, वाचलो. एएचआर टाकताना मात्र छाती फुगली. ताई, तुमच्या त्या पब्लिककोडमध्ये देखभाल ‘कम्युनिटी’ लिहिली तर संपर्काला माणूस मागतंय. कापणीत मी फोन उचलत नाही, म्हणून आतेभावाचं नाव घातलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.