ब्राझीलचा दाखला इथे अर्धाच लागू पडतो

‘ब्राझील उसाच्या इथेनॉलवर गाड्या पळवतो, मग आपण का नाही?’ असं नेहमी विचारलं जातं. तिथला ऊस बहुतांश पावसावर येतो. आपल्या मराठवाड्यात तोच ऊस धरणाच्या नि बोअरच्या पाण्यावर उभा असतो, आणि शेजारच्या गावात टँकर. २०२३ ला पावसाने ओढ दिली आणि साखर कमी पडू नये म्हणून डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले. इतकं बेभरवशाचं आहे हे.

शिवाय तिथे २००३ पासून फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल किंवा इथेनॉल कशावरही चालणाऱ्या गाड्या आहेत. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणून तिथला माणूस पंपावरचा भावफलक बघतो. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या भावाच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरतो. आपल्याला ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवं का, हे कुणी विचारतच नाही. हे मला फार खटकतं.

शहरात रोजची ठरलेली ये-जा असेल तर मी इलेक्ट्रिक गाडीच सुचवेन. वीज बरीचशी कोळशाची असली तरी मोटर इंजिनापेक्षा खूपच कमी ऊर्जा वाया घालवते. सीएनजी परवडतो, पण बऱ्याच गाड्यांत डिकी टाकीतच जाते. इथेनॉल करायचंच तर आधी मळीपासून करा, ती साखरेबरोबर निघतेच.