हलकंफुलकं सायफाय म्हणजे कमी दर्जाचं सायफाय का?

अवकाशवेडी:
परवा एका मित्राशी यावरून जोरदार वाजलं. त्याचं म्हणणं, विनोदी सायफाय, म्हणजे हसवणाऱ्या विज्ञानकथा, हा टाईमपास, खरं सायफाय बघायचं तर २००४ ची 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' बघ. अरे ती मलाही आवडते, पण हसवलं की दर्जा घसरला हे कोणी ठरवलं? मला तर विनोदी सायफाय जास्त अवघड वाटतं, कारण माणसाला हसवायचंही असतं आणि त्या जगावरचा त्याचा विश्वासही उडू द्यायचा नसतो.

'गॅलॅक्सी क्वेस्ट' (१९९९) हा सिनेमा घ्या. बंद पडलेल्या मालिकेतले नट आणि ती मालिका म्हणजे खरा इतिहास असं समजून बसलेले परग्रहवासी. ॲलन रिकमनच्या पात्राला स्वतःच्याच गाजलेल्या डायलॉगचा वीट आलेला असतो, आणि शेवटाकडे एक परग्रहवासी त्याच्यासमोर जीव सोडत असतो तेव्हा तोच डायलॉग तो अगदी मनापासून म्हणतो. मी तिथे दरवेळी रडते. तोवर त्या वाक्यावर हसलेलो असतो ना, म्हणून तर ते तिथे इतकं लागतं.

रातकिडा:
गॅलॅक्सी क्वेस्टबद्दल काही म्हणणं नाही, सुंदरच आहे. पण त्याच्या जिवावर बाकी सगळं पास करू नका. माझी तक्रार अशी की आता कुठलाही प्रसंग दोन मिनिटं गंभीर राहूच देत नाहीत. 'थॉर: लव्ह अँड थंडर' (२०२२) मध्ये थॉरच्या प्रेयसीला, जेनला, शेवटच्या स्टेजचा कॅन्सर आहे आणि त्याच पिक्चरमध्ये किंचाळणाऱ्या बकऱ्या परत परत येतात. तिच्या मरणाचं मला काही वाटलंच नाही, आणि याचा मला खरंच राग आहे.

'द ऑर्व्हिल' या अवकाशयानावरच्या विनोदी मालिकेचंही तेच. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या एपिसोडमध्ये बोर्टस आणि क्लायडन या परग्रहवासी जोडप्याला मुलगी होते, त्यांच्या समाजात हे व्यंग मानतात, मग ऑपरेशन करून तिला मुलगा करायचं का यावर थेट न्यायासनापुढे सुनावणी. एवढा जड विषय, आणि बोर्टसचं मत कशाने बदलतं तर लाल नाकाच्या रेनडिअरचा लहान मुलांचा सिनेमा बघून!

अवकाशवेडी:
थॉरचं पटलं, तिथे मीही वैतागले होते. पण त्या रेनडिअरचा, रुडॉल्फचा प्रसंग तर मला त्या एपिसोडचा जीव वाटतो! मोठमोठ्या युक्तिवादांनी जे झालं नसतं ते एका साध्या गोष्टीने झालं, की ज्याला सगळे हसतात त्याच्याच नाकामुळे सगळ्यांना वाट दिसते. माणसाचं मन असंच बदलतं हो, नेहमी भाषणं ऐकून नाही. आणि शेवट गोड केलेला नाही, निकाल मुलीच्या विरुद्धच जातो. वर २०२२ च्या तिसऱ्या सीझनमध्ये तीच मुलगी, टोपा, मोठी होऊन आपण कोण आहोत ते विचारायला लागते. म्हणजे विषय गंमत करून सोडून दिला नाही, पाच वर्षांनी परत हातात घेतला.

रातकिडा:
आणि त्या तिसऱ्या सीझनमध्ये विनोद किती कमी झालेत ते बघितलंत ना? म्हणजे त्यांनाही कळलंच की.

अवकाशवेडी:
कमी झाले, हो. पण आधीचे दोन सीझन ही माणसं एकमेकांची चेष्टा करत, फालतू गप्पा मारत आपल्यासोबत राहिली नसती तर टोपासाठी जीव तुटला असता का? माझा तर नसता तुटला.

शून्यगुरुत्व:
मध्ये पडतो. विनोदी म्हणजे डोकं बाजूला ठेवून लिहिलेलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी 'फ्युचुरामा' या कार्टून मालिकेचा 'द प्रिझनर ऑफ बेंडा' (२०१०) हा एपिसोड बघा. मनं आणि शरीरं अदलाबदल करणारं मशीन, पण एकदा बदललेल्या जोडीची त्याच मशीनवर थेट उलटी अदलाबदल होत नाही, मग सगळे आपापल्या शरीरात परत कसे जाणार? लेखक केन कीलर गणितातले पीएचडी, त्यांनी यासाठी चक्क प्रमेय सिद्ध केलं. कितीही घोळ झालेला असू दे, आधी अदलाबदल न झालेली दोन माणसं जादा मिळाली की सगळं जागेवर येतं. किती गंभीर मालिका आपल्याच नियमाशी इतक्या प्रामाणिक राहतात सांगा, ऐनवेळी कुठलातरी किरण सोडून सुटका करून घेतात.

आणि 'रेड ड्वार्फ' (१९८८) या विनोदी मालिकेचा पाया बघा की, तीस लाख वर्षांनी जाग येते आणि ज्ञात असा शेवटचा माणूस तूच. ही गोष्ट सरळ सांगितली तर सहन होणार नाही. सोबतीला मेलेल्या रूममेटचा होलोग्राम, तोही छळणारा, म्हणून तर ते एकटेपण बघवतं.

रातकिडा:
बेंडा मलाही भयंकर आवडतो, तो वाद नाहीच. मुद्दा हा की विनोद त्या परिस्थितीतून आला पाहिजे. 'स्टार ट्रेक ४' (१९८६) या सिनेमामध्ये देवमासे न्यायला तेविसाव्या शतकातून आलेली मंडळी विसाव्या शतकात गोंधळतात, त्यांचा इंजिनिअर स्कॉटी माऊस हातात घेऊन कॉम्प्युटरशी बोलायला जातो. पण देवमासे वाचले पाहिजेत याची कोणी टिंगल करत नाही. तसं असेल तर मी तुमच्या बाजूने. पात्रालाच स्वतःच्या संकटाचं काही वाटत नसेल तर मी कशाला वाटून घेऊ?

अवकाशवेडी:
हे शंभर टक्के मान्य. फक्त 'ऑर्व्हिल' त्या यादीतून काढा, पुन्हा एकदा पहिल्यापासून बघा.

रातकिडा:
बघतो. पहिला सीझन मात्र मला तेव्हाही जड गेला होता, मत बदललं नाही तर तेही इथेच सांगेन.