जपानी कांजी विसरणे हा दोष पद्धतीचा की अपेक्षेचा?

टिळकवाडीकर (धागाकर्ता):
डिसेंबरच्या जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची, तयारी करणारे बेळगाव परिसरातील बरेच विद्यार्थी अँकी या उजळणी-कार्डांच्या अ‍ॅपवर कांजी, म्हणजे जपानीतील चिनी चित्राक्षरे, पाठ करू लागतात आणि काही महिन्यांत ते सोडून देतात. कारण विचारले की 'केलेलेच परत विसरते' हे उत्तर ठरलेले असते. माझ्या मते दोष स्मरणशक्तीचा नसून अपेक्षेचा आहे. अँकीत २०२३ पासून आलेल्या, कार्ड पुन्हा कधी दाखवायचे हे ठरवणाऱ्या एफएसआरएस या गणनपद्धतीत स्मरणाचे लक्ष्य मुळातच ९० टक्के धरलेले असते. म्हणजे दिवसाला दीडशे कार्डांची उजळणी असेल तर त्यांतली पंधराएक विसरली जाणार, हे त्या हिशेबातच गृहीत आहे. हे लक्ष्य वर नेता येते, पण मग विसरणे थोडेसेच घटते आणि उजळणीचा बोजा मात्र भलताच वाढतो. म्हणून विसरलेल्या कार्डावर निमूटपणे 'पुन्हा' दाबावे. कित्येक जण संकोचाने 'कठीण' दाबतात. वास्तविक ते बटण कष्टाने का होईना, पण आठवलेल्या कार्डासाठी असल्यामुळे पुढचा सगळा हिशेबच बिघडतो.

निपाणीकर:
आपले गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. विद्यार्थी रोज निरनिराळी पंधरा कार्डे विसरत नाही, बहुतांशी तीच ती विसरतो. 'वाट पाहणे' आणि 'धरणे' या अर्थांच्या कांजी घ्या. दोन्हींच्या उजव्या बाजूला बौद्ध मंदिराचे चिन्ह आहे. फरक डावीकडे, एकीत चालण्याची खूण आणि दुसरीत हाताची. 'वेळ', 'कविता' आणि 'सामुराई' यांच्या कांजींतही तेच मंदिर येऊन बसले आहे. ही कार्डे सुटी सुटी कितीही वेळा दाखवली तरी त्यांचा आपापसांतला फरक कोणतेच कार्ड दाखवत नाही. उजळणीत आठ वेळा चुकलेले कार्ड अँकी आपणहून 'लीच', म्हणजे वारंवार विसरले जाणारे, ठरवते आणि सेटिंगनुसार बाजूलाही ठेवते, ही त्या पद्धतीचीच कबुली नव्हे काय? त्यापेक्षा अशा कांजी वहीत शेजारी शेजारी, रेघांच्या ठरलेल्या क्रमाने लिहून काढाव्यात. आपल्याकडची मराठी शाळेतली मुले कन्नड वाचायला सरावतात ती बसच्या पाट्या वाचून, कार्डे करून नव्हे.

खानापूरकर:
बसच्या पाट्यांचा दाखला येथे लागू पडत नाही. कन्नड लिपी उच्चारानुसारी असल्याने तिची पन्नासेक अक्षरे आणि बाराखडी आली की अर्थ न कळताही पाटी वाचता येते, आणि ती पाटी बसस्थानकावर रोज डोळ्यांसमोर असते. जपान सरकारच्या नित्य वापरातील कांजींच्या जोयो यादीत २०१० पासून २१३६ कांजी आहेत, त्यांतल्या बहुतेकींचे उच्चार एकाहून अधिक आहेत, आणि जांबोटीच्या रस्त्यावर जपानी पाटी काही लागणार नाही. जी भाषा अवतीभवती नाही, ती पुन्हापुन्हा समोर येईल अशी सोय मुद्दाम करावी लागते. अँकी तेवढेच काम करते. शिवाय जेएलपीटीत सारे प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात, हाताने एकही कांजी लिहावी लागत नाही.

निपाणीकर:
परीक्षेत लिहावे लागत नाही म्हणून लिहूच नये, हा युक्तिवाद परीक्षार्थ्याचा झाला. लिहिताना डावीकडचा तो हात आधी तुम्हाला स्वतः काढावा लागतो, तेव्हा कुठे तो वाचतानाही दिसू लागतो.

टिळकवाडीकर:
लीचबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. बाजूला पडलेले कार्ड आहे तसेच पुन्हा चालू करण्यात अर्थ नाही, ते बदलावे लागते. समोरच्या बाजूवर सुटी कांजी न ठेवता 'एकिमाए दे मात्सु', म्हणजे स्टेशनासमोर वाट पाहणे, आणि 'कासा ओ मोत्सु', म्हणजे छत्री धरणे, असे शब्दसमूह जपानी लिपीत ठेवावेत. मंदिराच्या चिन्हाचा 'जि' हा उच्चार 'वेळ' आणि 'धरणे' यांच्या कांजींत टिकतो, 'वाट पाहणे'मध्ये मात्र 'ताइ' होतो, हेही मागच्या बाजूवर नोंदवून ठेवता येईल. परंतु सगळ्याच २१३६ कांजी वहीत घोटण्याचा आग्रह नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला झेपणारा नाही. उजळणी तुंबली असेल तर रोजच्या नवीन कार्डांचा वीस हा मूळ आकडा काही दिवस शून्यावर आणावा, हा उपाय मला अधिक व्यवहार्य वाटतो.

निपाणीकर:
सगळ्या लिहा असे मी म्हटलेले नाही. लीच ठरलेल्या तेवढ्या लिहाव्यात आणि नवीन कार्डे शून्यावर आणल्यावर जो वेळ वाचेल, तो त्यालाच द्यावा.