सरकारी योजनेतून व्हीलचेअर मिळतेय, घेताना काय बघायचं?

निशिगंध: दादाच्या मणक्याला इजा झालीये, कमरेखाली संवेदना नाही. आता आरोग्य खात्याकडून व्हीलचेअर मंजूर झालीये, पण माप कधी घेणार विचारलं तर म्हणाले सगळ्यांना एकच साइज येते. दादा उंच आणि एकदम बारीक आहे. फुकट मिळतेय म्हणून जास्त बोलायला संकोच वाटतोय पण तो दिवसभर त्यातच बसणार ना. नेमकं काय मागू?

फिजिओ_आरती: संकोच अजिबात करू नका ताई. माप घेणं, बसवून बघणं, वापरायला शिकवणं, नंतरची दुरुस्ती हे सगळं व्हीलचेअर देण्याचाच भाग आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तसं स्पष्ट आहे. तुमच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुशन, संवेदना नसेल तर प्रेशर कमी करणारं कुशन हवंच, नुसत्या रेक्झिनच्या सीटवर बसवू नका, जखम झालेली त्यांना कळणारच नाही. सीटची रुंदी नितंबांच्या मापाची हवी, सैल असली की माणूस एका बाजूला कलतो आणि तिथेच बेडसोर होतो. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात ३ ते ६ सेंमी जागा राहिली पाहिजे. दादा उंच आहेत म्हणताय तर फूटरेस्ट खाली घेता येतो का ते आधी बघा, तो वर राहिला की गुडघे उचलले जातात आणि सगळा भार बसायच्या हाडांवर येतो. त्यांना बसवल्यावर त्या हाडांखाली हात घालून बघा, बोटांची टोकं हलवता आली तर ठीक, गच्च दाबली जात असतील तर तशी खुर्ची घेऊ नका.

चाकावरून: आरतीताईंनी सांगितलंय ते सगळं बरोबर. मी स्वतः वापरतो म्हणून सांगतो, दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला झुकून भार हलवायची सवय लावाच, आणि रोज झोपताना कुणीतरी त्वचा बघायची, लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल तर रंग पूर्ववत होईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही म्हणून तिथे गरम किंवा कडक लागतंय का हेही बघा. आणि उपकार वगैरे मनातून काढून टाका, संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात फिरण्याची साधनं आणि ती वापरण्याचं प्रशिक्षण दोन्ही येतं.

निशिगंध: खूप खूप आभार दोघांचे. मापं घेऊन अर्जासोबत लेखी देते. कुशन त्यांनी नाही म्हटलं तर?

फिजिओ_आरती: डॉक्टर किंवा थेरपिस्टकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, 'संवेदना नाही, प्रेशर रिलीफ कुशन आवश्यक' असं. लेखी आलं की नाही म्हणणं अवघड जातं. शक्यतो दादांनाच सोबत न्या, त्यांच्याशिवाय फिटिंग होऊच शकत नाही.